दुर्बिणीचा आरसा आणि आमचे घरचे यंत्र

(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



पंधरा दिवसांपूर्वी चिटणीसबाई आमच्या घरी आल्या आणि म्हणाल्या, "यंदाच्या वर्धापनदिनाला तुम्ही बोलायचे." मला वाटले, एखादी पाककृती सांगायची असेल. म्हटले, "सांगते की, तांबड्या रश्श्याचा मसाला सांगते." तर त्या म्हणाल्या, "रस्सा सगळ्यांनाच येतो. तुमच्या मागच्या खोलीत जे घरघरते ना, त्याबद्दल बोला. आवाज सगळ्या गल्लीला पाठ आहे. आत काय चालते ते मात्र कोणाला धड ठाऊक नाही."

ते खरे आहे. कोणी म्हणते आम्ही मिरची कांडप घातले, कोणी म्हणते घरघंटी आणली. एक मावशी तर डाळ भरडून मिळेल का म्हणून पातेले घेऊन आल्या होत्या. त्यांना मी दारातच चहा दिला आणि परत पाठवले, खोलीत काही घेतले नाही. त्या येथे बसल्या आहेत. मावशी, त्या दिवशी आत पॉलिश चालू होते आणि चपलेबरोबर धुळीचा एक कण जरी आत आला असता तरी आमचे महिन्याचे काम वाया गेले असते. तेवढा राग आज मनातून काढून टाका.

माझे शिक्षण सातवीपर्यंत. व्यासपीठावर उभे राहण्याचा हा पहिलाच प्रसंग आहे, तेव्हा चुकलेमाकले पदरात घ्या.

तर आमच्या मागच्या खोलीत दुर्बिणीचा आरसा घासण्याचे यंत्र आहे. दुर्बीण म्हटली की आपल्याला पुढे भिंग लावलेली नळी आठवते. पण घरी करता येण्यासारखी जी मोठी दुर्बीण असते तिच्यात पुढे भिंग नसते, नळीच्या तळाशी आरसा असतो. तो वाटीसारखा किंचित खोलगट असतो आणि आकाशातला उजेड एका ठिकाणी गोळा करतो. आपल्या घरातल्या आरशाला पाठीमागून मुलामा असतो, याला पुढून असतो. आमचा आरसा सहा इंच रुंदीचा, म्हणजे लहान ताटलीएवढा, आणि इंचभर जाड आहे. त्याची खोली किती म्हणाल, तर मधोमध फक्त १.१७ मिलिमीटर. जाड पोस्टकार्डे चार-पाच एकावर एक ठेवली तर होईल तेवढी. एवढ्या खोलीसाठी माणसे महिने घालवतात, हे मला आधी कोणी सांगितले असते तर मी हसले असते.

हे वेड घरात आणले आमच्या थोरलीने. ती पुण्यात नर्सिंग शिकत होती. पुण्याच्या आयुका या संस्थेत आणि खगोलप्रेमी मंडळींत दुर्बिणी करण्याचे वर्ग होत आले आहेत. तसल्याच एका वर्गाचे वारे तिला लागले. २०१८ च्या दिवाळीत ती घरी आली तेव्हा पिशवीत फराळाचे रिकामे डबे नव्हते, दोन जाड काचेच्या चकत्या होत्या आणि काळ्या रव्यासारख्या पुडीच्या पिशव्या होत्या. त्या पुडीला कार्बोरंडम म्हणतात. ८० नंबरची सर्वांत भरड, मग १२०, २२०, ३२०, ४००, ६०० अशी बारीक होत जाते. ६०० नंबरची म्हणजे अगदी तांदळाच्या पिठीसारखी. तिने सुटीत ८० आणि १२० नंबर उरकले. मग तिला पुण्यातच इस्पितळात नोकरी लागली आणि काचा माळ्यावर गेल्या.

दुपारी सगळे निजले की मला निजायला आवडत नाही. एकदा माळा झाडताना त्या काचा हाताला लागल्या. थोरलीला फोन केला, "यांचे काय करायचे?" ती म्हणाली, "आई, तूच कर की. तुला पाट्यावर वाटता येते ना? तेच आहे."

आणि खरोखर तेच आहे. ज्यांच्या घरी जुना पाटा आहे त्यांनी त्यावर हात फिरवून पाहावा. वर्षानुवर्षे वाटून पाटा मध्ये खोल झालेला असतो, आणि वरवंट्याला त्याच्याशी जुळेल अशी गोलाई आलेली असते. कोणी मुद्दाम केलेले नसते. दगडावर दगड घासत राहिला की दोघे एकमेकांना वळण लावतात. काचेचेही तसेच. एक चकती खाली पक्की बसवायची, तिच्यावर पुडी आणि चमचाभर पाणी टाकायचे, दुसरी चकती वर ठेवून पुढे-मागे घासायची. वरची पुढे सरकली की तिचे पोट खालचीच्या काठावर येते, तेथे भार जास्त पडतो, म्हणून वरची मध्ये झिजते आणि खालची काठाला झिजते. वरची होते वाटी आणि खालची होते उलटी वाटी. घासताना आपण पिंपाभोवती फिरत राहायचे आणि हातातली काचही थोडी थोडी फिरवत राहायची. प्रत्येक खेप वेगळ्या दिशेने पडली पाहिजे. हे शेवटचे वाक्य मी तेव्हा नुसते ऐकले; त्याचा अर्थ पुढे कळला, आणि आज मला सांगायचे आहे ते मुख्यतः त्याबद्दलच आहे.

यात सोवळे फार कडक आहे. एक नंबर संपून दुसरा सुरू करताना काच, पिंप, हात, बांगड्या, नखे, सगळे धुवायचे. खालचे वर्तमानपत्र बदलायचे, फडके बदलायचे. ८० नंबरचा एक कण ४०० मध्ये राहिला तर असा ओरखडा पाडतो की पुन्हा मागे जावे लागते. माझ्या सासूबाईंनी आयुष्यभर मला ओवळ्याचे दोष दाखवले. त्या असत्या तर या कामात त्यांचा हात कोणी धरू शकले नसते.

२२० नंबर मी हाताने संपवला. ३२० निम्मा झाला आणि माझा उजवा खांदा आखडला. वेणी घालता येईना, ब्लाउजची बटणे लावता येईनात. डॉक्टर म्हणाले, चाळिशीनंतर बायकांना होते असे, काच घासल्यानेच झाले असे नाही. पण आता घासणे बंद. काचा पुन्हा डब्यात गेल्या. आमचे हे म्हणाले, "बरं झालं, एक कटकट गेली." मी काही बोलले नाही.

मग २०२० चा मार्च उजाडला. भगिनींनो, आपण इचलकरंजीच्या बायका. आपल्याला मागांचा आवाज ऐकू येत नाही, तो बंद पडला की ऐकू येतो. १९०४ साली विठ्ठलराव दातारांनी या गावात पहिला यंत्रमाग आणला, तेव्हापासून हे गाव खटखटत आले आहे. त्या मार्चमध्ये ते थांबले. पहिल्या रात्री मला झोप आली नाही, इतके शांत होते. आमचे हे मागावर जॉबर आहेत. बावीस वर्षे मागांची दुरुस्ती केलेला माणूस घरात हात बांधून बसला. पगार नव्हता. आणि थोरली तिकडे पुण्यात कोरोनाच्या वॉर्डात. तिला येता येत नव्हते, आम्हाला जाता येत नव्हते. रात्री दहाला तिचा फोन यायचा. ती वॉर्डाबद्दल काही सांगत नसे. मी विचारले की म्हणायची, "ते जाऊ दे आई, आरसा कुठपर्यंत आला?"

त्या प्रश्नाला काहीतरी उत्तर देता आले पाहिजे म्हणून काच पुन्हा खाली काढली. खांदा हलत नव्हता. मी यांना म्हटले, "तुमच्या मागाची फणी दिवसभर पुढे-मागे हलते, ती कोण हलवतं?" म्हणाले, "मोटर हलवती. क्रँक असतोय." म्हटले, "मग मला तसा एक हात करून द्या."

आता यंत्राची हकीकत. बाजार बंद, भंगारवाला बंद. घरात असेल त्यातून करायचे. माझ्या माहेरहून आलेल्या शिलाई मशीनचे लोखंडी स्टँड पडून होते, कारण मशीन मी केव्हाच टेबलावर मोटर लावून चालवते. ते स्टँड झाले सांगाडा. त्यावर जाड प्लायवुड. प्लायवुडमधून एक उभा दांडा वर काढून त्यावर गोल पाट बसवला. तो मिनिटाला सात फेरे घेतो, त्यावर खालची काच. एका बाजूला लोखंडी चकती, तिच्यात मध्यापासून वेगवेगळ्या अंतरावर भोके. ज्या भोकात खिळा घालावा तेवढी हाताची खेप लांब किंवा आखूड होते. सहा इंची आरशाला साधारण दोन इंचांची खेप चांगली. त्या खिळ्यापासून निघालेली पट्टी काचेवरून पलीकडे जाते आणि दुसर्‍या टोकाला एका खुंटीच्या खाचेत सरकते. पट्टीच्या मध्यावर बोटाएवढी सळई, ती वरच्या काचेच्या पाठीवर चिकटवलेल्या लाकडी टोपीत नुसती टेकलेली. आवळायची नाही. म्हणजे वरची काच हाताबरोबर पुढे-मागे जाते आणि आपल्या मनाने सावकाश फिरतेही. कांड्या भरायच्या जुन्या यंत्राची पाव हॉर्सपॉवरची मोटर होती, ती मिनिटाला १४४० फेरे घेणारी. तिचा वेग उतरवायला पुल्या, धाकट्याच्या सायकलची चेन आणि दातेरी चाके. धाकटा आठ दिवस रुसला होता.

पट्टे आणि चेन यांवर यांनी तेलाच्या डब्याचा पत्रा कापून झाकण घातले, ते घालेपर्यंत मला बटणाला हात लावू दिला नाही. मागावर पदर अडकून काय होते ते त्यांनी पाहिले आहे. आजही आमच्याकडे येणारीने पदर खोचूनच आत यायचे, हा नियम आहे.

पहिल्याच दिवशी फजिती झाली, आणि ती माझ्या हातून. काचांमधली पुडी ओली राहिली पाहिजे, दर दोन-तीन मिनिटांनी पाणी शिंपडावे लागते. दूध उतू जाईल म्हणून मी आत गेले. तेवढ्यात पुडी सुकली, दोन्ही काचा एकमेकींना घट्ट बसल्या, आणि त्या लोखंडी हाताने वरची काच ओढून खाली टाकली. गोणपाट होते म्हणून वाचली. काठाचा तुरीच्या डाळीएवढा टवका उडाला, तो आजही आहे. थोरली म्हणाली, काठाच्या टवक्याने काही बिघडत नाही, तेवढा उजेड कमी, बस्स. दूध मात्र उतू गेलेच होते.

पण एक सांगते, बारीक घासण्याचे काम त्या यंत्राने फार सुरेख केले. ३२०, ४००, ६०० सगळे महिन्याभरात झाले. यांच्याकडे पातळ पात्यांचे फीलर गेज असते, पट्टी आडवी ठेवून त्याने मध्याची खोली मोजली, हिशेबाला बरोबर. मला वाटले, झालेच.

यंत्राची कल्पना आमची मुळीच नव्हे, हेही सांगितले पाहिजे. थोरलीने फोनवर मला कॅरोलाइन हर्षेलची गोष्ट सांगितली. इंग्लंडात बाथ गावी विल्यम हर्षेल नावाचा संगीत शिकवणारा गृहस्थ होता. त्याने स्वतः केलेल्या दुर्बिणीतून १७८१ साली युरेनस ग्रह शोधला. त्याची बहीण कॅरोलाइन १७७२ साली त्याच्याकडे आली, ती गाणे शिकायला, आणि लागली या कामाला. तेव्हाचे आरसे धातूचे असत. पॉलिश मध्येच थांबवून चालत नसे. एकदा हर्षेलने सोळा तास हात उचलला नाही, आणि ही बहीण त्याला घास भरवत होती. ओतकामाचा साचा करण्यासाठी घोड्याची लीद खलात कुटून बारीक चाळणीने चाळायची, तेही काम तिने केले. आपल्यापैकी कोणाला शेणाचे काम नवे नाही, पण लीद चाळायची म्हणजे काय ते मनात आणा. त्याच बाईने पुढे आठ धूमकेतू शोधले आणि १७८७ पासून राजाकडून तिला वर्षाला ५० पौंड पगार मिळू लागला. हर्षेलचा शेवटचा मोठा आरसा चार फूट रुंदीचा झाला, तेव्हा त्यालाही यंत्राचा आधार घ्यावा लागला. पुढे आयर्लंडात लॉर्ड रॉस यांनी तर वाफेच्या इंजिनावर यंत्र चालवून सहा फुटांचा आरसा घासला. ती दुर्बीण १८४५ साली उभी राहिली. तेव्हा आमचे शिलाई मशीनचे स्टँड त्या घराण्यातलेच धाकटे म्हणायचे.

आता पॉलिश. येथे काचेवर काच नसते. खालच्या काचेवर पिच ओततात. तो राळेच्या जातीचा काळा, डांबरी पदार्थ असतो. तो वितळवून किती घट्ट ठेवायचा याची परीक्षा पाकासारखी: थेंब पाण्यात टाकून गार झाला की नख दाबायचे, खूण उमटली पाहिजे पण बोट रुतता कामा नये. ओतून कोमट असताना सुरीने वड्या पाडायच्या, म्हणजे पाणी खेळायला वाटा राहतात. वर आरसा दाबून त्याचा आकार पिचला द्यायचा. मग सेरियम ऑक्साइड नावाची पुडी पाण्यात कालवून लावायची आणि घासायचे. धुरकट काच हळूहळू पारदर्शक होत जाते. दुसर्‍या दिवशी तिच्यातून मला खालच्या वर्तमानपत्राची अक्षरे दिसली, तेव्हा मी यांना हाक मारून बोलावले होते.

पण नुसती चकाकी म्हणजे आरसा नव्हे. त्याची परीक्षा लेऑन फूको या फ्रेंच शास्त्रज्ञाने १८५८ च्या सुमारास काढली, आणि ती इतकी स्वस्त आहे की मला आजही नवल वाटते. आरसा उभा करायचा. आमच्या आरशापासून आठ फुटांवर, म्हणजे मागच्या खोलीपासून स्वयंपाकघराच्या दारापर्यंत, एक बॅटरी ठेवायची. तिच्या तोंडावर पत्रा आणि त्याला सुईचे छिद्र. शेजारी दाढीचे पाते. खोलीत काळोख करायचा. छिद्राचा उजेड आरशावरून परत येतो तेथे डोळा लावला की सगळा आरसा पौर्णिमेच्या चंद्रासारखा उजळतो. मग पाते हळूच आडवे सरकवायचे. पृष्ठभाग नीट गोल असेल तर चंद्र सगळीकडून एकदम करडा पडतो. कोठे उंचवटा असेल, खड्डा असेल, तर तो असा दिसतो की हात लावून पाहावासा वाटतो. केसाच्या जाडीचा हजारावा भाग एवढी चूकसुद्धा दिसते. खोटे वाटते? आरशावर अंगठा दहा सेकंद टेकवा आणि पाहा. अंगठ्याच्या उबेने काच तेथे फुगलेली असते, टेकडीसारखी दिसते, आणि गार झाली की बसते. मी ते पहिल्यांदा पाहिले तेव्हा माझ्या अंगावर काटा आला. काच आपल्या उबेने फुगते हे मला चव्वेचाळीस वर्षांत कोणी सांगितले नव्हते.

तर पॉलिश झाल्यावर मी पाते सरकवले, आणि चंद्र करडा पडलाच नाही. त्याच्यावर वर्तुळे होती. मध्ये एक खोलगट, मग एक कडे उंच, मग पुन्हा खोलगट. पाण्यात खडा टाकावा तशी. मला वाटले माझी परीक्षा चुकली. तीन रात्री पाहिले. तीच वर्तुळे, त्याच ठिकाणी. दिवस जास्त घासले तर वर्तुळे जास्त ठळक.

थोरलीला सांगितले. तिने विचारले, "यंत्राचा हात किती खेपा मारतो आणि पाट किती फिरतो?" यांनी अभिमानाने सांगितले, "हात बेचाळीस, पाट सात. दात मोजून बसवलंय. एका फेर्‍याला बरोबर सहा. एक इकडं न्हाई का तिकडं न्हाई." ती म्हणाली, "बाबा, म्हणूनच."

मला ते रांगोळीवरून कळले. सहा पाकळ्यांचे फूल काढायचे, आणि मग पुन्हा त्याच रेषांवरून हात फिरवायचा, पुन्हा पुन्हा. रेषा गडद होणारच. पाट एकदा फिरला की हात सहा खेपा मारणार, आणि पुढच्या फेर्‍यात त्याच सहा जागी पुन्हा. खेपेची लांबीही तीच, बाजूचे अंतरही तेच. बारीक घासताना दोन कडक काचा एकमेकींची चूक काढत होत्या, म्हणून ते लपले. मऊ पिचवर लपेना. मी हाताने घासत होते तेव्हा माझी एक खेप लांब, एक आखूड. एकदा कुकरची शिट्टी मोजताना वाकडी, एकदा दमून हलकी. माझ्या हाताला दोन खेपा सारख्या मारता येत नाहीत, आणि आरशाला नेमके तेच हवे असते.

हे यांना सांगणे सोपे नव्हते. जॉबरचा सगळा जन्म ठोका सारखा पडावा म्हणून जातो. मी म्हटले, "तुमचं यंत्र फार सरळ चालतं, ते जरा वाकडं करा." ते म्हणाले, "मागाचा ठोका चुकला तर कापडाला पट्टा पडतोय. बावीस वर्षं मी पट्टा पडू दिला न्हाई." मी म्हणाले, "कापडाला नाही पडला, काचेला पडलाय." हे मी बोलायला नको होते. पगार नसलेल्या माणसाला त्याच्या एका आवडत्या कामात खोट दाखवली. दोन दिवस आमच्या घरात मागांसारखेच सारे शांत होते.

तिसर्‍या रात्री मी पाणी प्यायला उठले तर स्वयंपाकघराच्या दारात हे बसलेले, डोळा छिद्राशी, हातात पाते. किती वेळ बसले होते देव जाणे. मला म्हणाले, "पट्टा हाय." आणि झोपायला गेले.

सकाळी त्यांनी चेन काढली. सायकल धाकट्याला परत मिळाली. चेनच्या जागी पट्टा लावला, तो थोडा घसरतो. दुसरी पुली घालून पाटाचे फेरे असे केले की सहाचा हिशेब कधीच पुरा पडू नये, सहा आणि थोड्या खेपा व्हाव्यात. घसरणारा पट्टा मुद्दाम बसवताना त्यांचे तोंड पाहण्यासारखे झाले होते. शिवाय खुंटीला लांब खाच केली, म्हणजे चालू यंत्रात हात डावी-उजवीकडे सरकवता यावा. तो सरकवणार कोण? मी. दर दोन मिनिटांनी मी शेजारी स्टुलावर बसून खुंटी थोडी इकडे, थोडी तिकडे करते, मनात येईल तशी. दर वीस मिनिटांनी खिळ्याचे भोक बदलते. कधी आरसा वर, कधी पिच वर. यंत्र केले पण बाई काही सुटली नाही. खांद्याचे कष्ट मात्र सुटले. हल्ली वेणीही घालता येते.

वर्तुळे जायला पाच आठवडे लागले. नवीन पिच दोनदा ओतला. घासून झाले की आरसा गार व्हायला रात्रभर ठेवायचा आणि मगच पाहायचे, नाहीतर उबेचीच टेकडी दिसायची. शेवटचे काम, म्हणजे आरशाचा मध्य गोलापेक्षा किंचित अधिक खोल करण्याचे, यंत्रावर केलेच नाही. ते मी डाव्या हाताने, उजव्याचा नुसता आधार घेऊन, एका वेळी पाच-पाच मिनिटे केले. रोज रात्री थोरलीला फोनवर सांगायचे, आज मधला खड्डा निम्मा झाला, आज काठ बरा आहे. ती ऐकत असे. एकदा फोन चालू असतानाच ती झोपून गेली. नुसता श्वास ऐकू येत होता. मी बराच वेळ फोन ठेवला नाही.

२१ डिसेंबर २०२० ला गुरू आणि शनी एकमेकांच्या इतके जवळ येणार होते की चंद्राच्या रुंदीच्या पाचव्या भागाएवढेच अंतर राहणार. १६२३ नंतर ते इतके जवळ आले नव्हते. आरसा तयार होता, पण मुलामा नव्हता. तो हवा काढून घेतलेल्या पेटीत अ‍ॅल्युमिनियमची वाफ करून देतात, ते बाहेर पाठवून करावे लागते आणि वेळ उरला नव्हता. मी खट्टू झाले. थोरली म्हणाली, "कोरीच काच बसव." कोरी काच शंभरातला चार भाग उजेड परत देते. पण गुरू आणि शनी तेजस्वी आहेत, चार भागही पुरतात. यांनी प्लायवुडची चौकोनी नळी आणि खाली फिरते खोके केले होते. त्यात काच तशीच बसवली.

तुमच्यातल्या बर्‍याचजणी त्या संध्याकाळी आमच्या गच्चीवर होत्या. सूर्य सहाच्या सुमारास बुडाला आणि नैऋत्येला दोघे दिसू लागले. तोंडाला मास्क, त्यामुळे डोळ्याच्या भिंगावर सारखी वाफ धरत होती आणि प्रत्येकीनंतर फडके फिरवावे लागत होते. एका चकतीत दोन्ही: गुरू आणि त्याच्या रांगेतले चंद्र, आणि जरा बाजूला शनी, कड्यासकट. मंद होते, पण रेघ साफ होती. कोणी म्हणाले, "चित्र चिकटवलंय होय आत?" यांनी नळी थोडी हलवली आणि शनी चकतीबाहेर गेला, तेव्हा विश्वास बसला.

थोरली आली नव्हती. तिला ड्यूटी होती. दहा मिनिटे ती होस्टेलच्या गच्चीवर गेली आणि नुसत्या डोळ्यांनी पाहिले. फोन माझ्या कानाला होता. ती म्हणाली, "आई, कडं दिसतंय?" मी म्हटले, "दिसतंय." "पट्टा?" मी म्हटले, "पट्टा नाही." यांनी माझ्या हातातून फोन घेतला आणि म्हणाले, "काळजी घे," आणि लगेच परत दिला.

ती फेब्रुवारीत आली. मुलामा नंतर झाला, आता तोच आरसा कितीतरी उजळ दाखवतो. माग पुन्हा सुरू झाले, हे कामावर जातात. यंत्रावर आता आठ इंचांची काच चढली आहे, २२० नंबर चालू आहे. ज्यांना पाहायचे असेल त्यांनी दुपारी दोननंतर यावे. चपला बाहेर काढाव्यात, हात धुवावेत आणि पदर खोचावा. मावशी, तुम्ही पातेले घरी ठेवून या; तुम्हाला स्टुलावर बसवून खुंटी सरकवायला देते.